सिंहाला श्रावण नसतो

सफारी म्हणजे काय, तर पैसे भरून गाडीत बसायचं, धुळीच्या रस्त्यावर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि समोर काहीतरी हलेल म्हणून वाट बघत राहायचं. पुण्याच्या माणसाला हे शिकवावं लागतं. दादरच्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून जमतं. भिवंडीकराला त्याचं बाळकडूच मिळालेलं असतं. अंजूरफाटा, माणकोली आणि राजनोली या नाक्यांवर ज्यांचं तारुण्य सरलं, त्यांना सिंहापायी दोन तास थांबण्याचं काय कौतुक! केनियात आमच्या ड्रायव्हरने निघतानाच बजावलं, की जंगलात घाई करून चालत नाही, धीर धरावा लागतो. त्यावर मागच्या सीटवरून नाना म्हणाले, "त्याला सांग, आम्ही ठाण्याला रोज जातो."

तिकडचे ड्रायव्हर रस्त्यावरच्या दणक्यांना 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. हा त्यांचा ठेवणीतला विनोद. युरोपातले प्रवासी त्यावर पोट धरून हसतात म्हणे. आमच्या गाडीत तो सांगून झाला तरी कुणी हसेना. काकूंनी उलट मला विचारलं, "रस्ता तर चांगलाय की. हा कशाबद्दल बोलतोय?"

मंडळींची ओळख करून देतो. नाना भिवंडीजवळच्या राहनाळचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी जिथे भात लागायचा, तिथे आता गोडाऊन आहेत आणि मुंबईने रात्री झोपताना मोबाइलवर मागवलेला माल त्या गोडाऊनमध्ये आहे. शेठ लूमवाले. ते ग्रे काढतात, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. धंद्यात राम राहिला नाही, असं ते मला भेटल्यापासून सांगतायत आणि तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्याकडे दोन माग वाढतायत. काकू नानांच्या घरच्या. मी नाना आणि शेठ या दोघांचा जीएसटी भरतो. जो माणूस सरकारच्या नोटिशीला उत्तर देतो त्याला इंग्रजी येतच असणार, या हिशेबाने त्यांनी मला बरोबर घेतलं. आफ्रिकाच का, याचं कारण वन्यप्राण्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. नानांच्या व्याह्यांनी स्वित्झर्लंड केलं होतं.

केनियाला जायचं तर आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती घेतल्यावर दहा दिवसांनी पिवळं कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. कार्डाशिवाय परत आलात, तर मुंबईला उतरल्यावर सरकार तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. काकूंनी हे नीट ऐकून घेतलं. "सहा दिवस जेवण कोण देणार?" "सरकारच देणार." मग म्हणाल्या, "ह्यांना लस द्या. मला विचार करू दे."

खरी अडचण आली ती पिशव्यांची. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि ती बंदी जबर आहे. चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस लाख केनियन शिलिंगांपर्यंत दंड. २०२० च्या जूनपासून तर अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही न्यायच्या नाहीत. नाना म्हणाले, "बंदी आपल्याकडे पण २०१८ ला झालीच की." झाली खरी, पण आपल्याकडची बंदी आपण ज्या समजूतदारपणाने घेतली, तो तिकडच्या पोलिसांकडे नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. तोवर काकूंनी चकली, चिवडा, मेथीचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि वरीचे तांदूळ असं सगळं पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी करून गाठी मारून ठेवलं होतं. शेवटी शेठनी गोदामातून ग्रेचा एक तागा काढला आणि शिंप्याकडून पिशव्या शिवून घेतल्या. प्रत्येक पिशवीला किनार आलेली, एकीवर तर पार्टीचा शिक्का आणि मीटरचा आकडा जसाच्या तसा. आमच्या बॅगा उघडायला लावणारी नैरोबीच्या विमानतळावरची बाई त्या पिशव्या बघून इतकी खूश झाली, की तिने शेठना थम्सअप केलं. त्यांच्या मालाचं तोंडावर कौतुक झालेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. भिवंडीत गिऱ्हाईक आधी डाग दाखवतं.

आम्ही गेलो ते त्सावोला. मसाईमाराला सगळेच जातात. शिवाय जुलै ते ऑक्टोबर नदी ओलांडणारी जनावरं बघायला तिथे इतक्या गाड्या लागतात, की नानांनी व्हिडिओ बघूनच "हे आपल्याकडे फुकटात आहे" म्हणून तो विषय मिटवला. त्सावो १९४८ सालचं. पूर्व त्सावो आणि पश्चिम त्सावो अशी दोन उद्यानं लागून आहेत आणि दोन्ही मिळून वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जातात. आपल्या हिशेबात सांगायचं तर पालघर वेगळा व्हायच्या आधीचा, २०१४ पूर्वीचा अख्खा ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटर होता. त्याची दुप्पट करा, तरी त्सावोत जागा उरते. डहाणूपासून मुरबाडपर्यंतचे आपण सगळे, आपली शेतं, कंपन्या, लोकल आणि नगरसेवक धरून, दोनदा मावतो आणि वर थोडी मोकळी जमीन शिल्लक राहते. "ती कुणाच्या नावावर आहे?" असं नानांनी विचारलं. सरकारच्या, म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले.

या दोन उद्यानांच्या मधून मोंबासा-नैरोबी हमरस्ता जातो. मोंबासा हे बंदर. तिथे उतरलेला माल याच रस्त्याने नैरोबीला आणि पुढे युगांडापर्यंत जातो. त्यामुळे झालं असं, की आम्ही ज्या रस्त्याने हत्ती बघायला निघालो, त्या रस्त्यावर हत्तींच्या आधी कंटेनर आले. चाळीस फुटी, वीस फुटी, रिकामे, भरलेले, टायर बदलायला कडेला लागलेले. नाना खिडकीला चिकटले. आतापर्यंत त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आता फोटो काढू लागले. कुठल्या शिपिंग लाइनचा डबा, एक्सल किती, ओव्हरलोड आहे की नाही, हे ते ड्रायव्हरला सांगत होते आणि मी भाषांतर करत होतो. ड्रायव्हर पुढे उजवीकडे बोट दाखवून म्हणाला, जिराफ. नाना डावीकडे बघत म्हणाले, "एक मिनिट."

तरी हत्ती दिसले, आणि ते अशा जागी दिसले, की नानांच्याही तोंडून काही वेळ शब्द निघेना. त्सावोचे हत्ती लाल असतात. जात काही वेगळी नाही. तिथली माती लाल आहे आणि हत्ती ती सोंडेने उचलून अंगावर उडवत असतात. १८ कानांचा, म्हणजे नऊ जणांचा एक कळप चालत आला. पुढे म्हातारी हत्तीण, कान फाटलेला, पापणीच्या केसांवरसुद्धा माती. मागे एक पिल्लू, ज्याला सोंडेचं नेमकं काय करायचं हे अजून समजलेलं नव्हतं. ते स्वतःच्या सोंडेवर पाय देऊन दचकत होतं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर रेल्वे. २०१७ साली चिन्यांनी बांधून दिलेला मोंबासा-नैरोबी लोहमार्ग तिथे भरावावरून आणि पुलांवरून जातो, आणि जनावरांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून खालून वाटा सोडलेल्या आहेत. म्हातारी त्या वाटेच्या तोंडाशी थांबली. वरून मालगाडी धडधडत गेली. ती गेल्यावर म्हातारीने सोंड हवेत फिरवली, आणि मग एकामागून एक सगळे पुलाखालून पलीकडे गेले.

नाना म्हणाले, "खालून जागा सोडली." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "आपण गोडाऊन बांधताना माणसाला जायला रस्ता सोडत नाही."

आमच्या बाजूला दुसरी एक गाडी उभी होती. तिच्यात मुंबईची मराठी मंडळी होती, हाताएवढ्या लेन्सवाली. त्यांनी हत्तीच्या पापणीचे शंभर फोटो काढले असतील, पण पूल कुणी बघितला नाही. मला विचाराल तर त्या दिवशी खरी सफारी नानांची झाली. ज्याला डब्याची उंची आणि पुलाची उंची याची रोज काळजी करावी लागते, त्यालाच नऊ हत्ती पुलाखालून जाताना काय घडतंय ते समजतं.

या लेन्सवाल्यांकडे एक यादी असते. बिग फाइव्ह. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. पायी शिकार करायला सगळ्यांत कठीण अशी ही पाच जनावरं, शिकाऱ्यांनी काढलेली यादी. आता बंदूक गेली आणि यादी राहिली. काकूंनी पाचवं नाव पुन्हा विचारून घेतलं. "म्हैस? माझ्या माहेरी चाळीस आहेत." आणि पुढे सगळा वेळ रानम्हशींचा कळप आला, की लेन्सवाले उभे राहायचे आणि काकू ग्रेच्या पिशवीतून चिवडा काढायच्या.

शेठ मात्र यादीबिदीत नव्हते. ते माल बघत होते. झेब्र्याजवळ गाडी थांबली आणि ड्रायव्हरने माहिती दिली, की कुठल्याही दोन झेब्र्यांचे पट्टे सारखे नसतात. शेठचा चेहरा उतरला. "म्हणजे रिपीट ऑर्डरच नाही." तरीही त्यांनी बारकाईने पाहिलं. मानेवर पट्टे उभे, पाठीमागे येता येता आडवे. "हे साध्या मागावर निघणार नाही. जॅकार्ड लागेल." जिराफाला त्यांनी नापास केलं, तिथल्या जिराफाच्या ठिपक्यांच्या कडा फाटक्या, द्राक्षाच्या पानाच्या असतात तशा. शेठचं म्हणणं, छपाईच्या वेळी कापड हललंय. आणि सिंह दाखवला तेव्हा तर त्यांनी ड्रायव्हरशी वादच घातला. त्सावोच्या नरांना बहुतेक आयाळ नसते, किंवा असलीच तर विरळ असते. शेठनी दुर्बीण खाली ठेवली आणि मला म्हणाले, "त्याला सांग, सिंहाचे पैसे घेतलेत, सिंह दाखव."

फाटकापाशी मसाई पद्धतीची लाल चौकटीची शाल विकायला होती. तिला शुका म्हणतात. विकणाऱ्याने ती झटक्यात उलगडून शेठच्या खांद्यावर टाकली. पुढचं दृश्य मी कितीतरी वेळा भिवंडीत पाहिलंय, पण ते विषुववृत्ताच्या खाली बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. शेठनी शालीची कड चिमटीत धरली, अंगठा आणि तर्जनीत चुरली, कानाजवळ नेऊन चोळली, उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार पाहिलं, टोकाचा एक धागा ओढून उलटा पीळ देऊन सोडवला आणि जाहीर केलं, "अॅक्रेलिक." मग रीड किती, पीक किती, वजन किती हे त्यांनी बोटं मोडत सांगितलं. विकणारा अवाक. त्याने सांगितलेल्या किमतीच्या पावपटीत शेठ आले, तो अर्ध्यावर आला, आणि सौदा झाला तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर धंदा झाल्याचं समाधान होतं. शाल वहिनींनी, म्हणजे शेठच्या पत्नींनी, आजवर अंगावर घेतलेली नाही. टोचते म्हणतात.

लॉजवरच्या एका पुस्तकात मला शेठना सांगण्याजोगी गोष्ट सापडली. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरून आत जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे बरोबर नाणी नेत नसत. मणी नेत, तार नेत, आणि कापडाचे तागे नेत. त्या ताग्यांवर वाटेत धान्य मिळे, हमाल मिळत, पलीकडून हस्तिदंत येई. हे कापड मूळ अमेरिकेतून यायचं, म्हणून त्याला मेरिकानी म्हणत. पुढे मुंबईच्या गिरण्यांचा मालही त्या बाजारात उतरला.

"कसलं कापड?" शेठनी विचारलं.

"सुती. साधं."

"ब्लीच?"

"नाही."

"डाइंग?"

"नाही."

"म्हणजे ग्रे!" शेठ खुर्चीतून उठलेच. लॉजच्या सज्जात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "ग्रे देऊन लोक हत्तीचे दात घेत होते. आणि मी ग्रे देऊन नव्वद दिवसांचा चेक घेतो."

तिथला कोरडा हंगाम जून ते ऑक्टोबर. पाणी आटतं, गवत खाली बसतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून जायचं तर याच दिवसांत. आणि आपला श्रावण नेमका याच दिवसांत. नानांनी गटारी अमावास्या भिवंडीत यथासांग करून मगच विमान पकडलं होतं. तरी लॉजवर रोज संध्याकाळी निखाऱ्यांवर बोकडाचं मांस भाजायचे, न्यामा चोमा, आणि वारा नेमका आमच्या टेबलाकडे असायचा. नाना डाळ-चपाती खात आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसत. एवढ्या निग्रहात सोमवार आला. काकूंचा उपास. सकाळी साडेसहाला, दिवस धड वर यायच्या आत, आम्ही एका झाडाखाली दोन सिंहिणींसमोर उभे. खाली आडवा झेब्रा. सिंहिणीने पंजा त्याच्या बरगडीवर रोवून मान मागे ओढली, आणि जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. ओलं गोणपाट फाडावं तसा. गाडीत सन्नाटा. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आज सोमवार आहे," त्या म्हणाल्या. सिंहिणींना उद्देशून म्हणाल्या की नानांना, ते समजलं नाही. नानांची नजर हलत नव्हती. बऱ्याच वेळाने ते हळूच बोलले, "मांडीचा भाग शेवटी खातात वाटतं."

खाऊन झाल्यावर सिंह झोपतो. दिवसाचे अठरा-वीस तास झोपणं ही त्याची रीत. त्यामुळे बहुतेक प्रवाशांच्या सिंहाच्या फोटोंत एक पोट आणि चार पाय असतात.

त्सावोच्या सिंहांचं नाव जगभर झालं ते मात्र झोपेपायी नव्हे. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासाहून युगांडा रेल्वे टाकायला घेतली, आणि तिच्यासाठी बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून नेले, पंजाबचे बरेच. त्यांतले अडीच हजारांच्या घरात तिकडेच मेले. ताप, अपघात. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधायचं काम चालू असताना दोन सिंहांनी रात्री तंबूंत शिरून माणसं उचलायला सुरुवात केली. महिनोन् महिने हे चाललं. मजुरांनी काम टाकलं, काहींनी रुळांवर आडवं पडून आगगाडी थांबवली आणि तिच्यात चढून निघून गेले. शेवटी डिसेंबरात पूल बांधणाऱ्या पॅटरसन नावाच्या अधिकाऱ्याने दोन्ही सिंह मारले. त्याने पुढे बळींचा आकडा १३५ सांगितला; अलीकडे शास्त्रज्ञांनी सिंहांची हाडं आणि केस तपासून तो पस्तिसाच्या आसपास आणलाय. नानांनी एवढंच विचारलं, "मुकादम कोण होता? त्याला पहिला द्यायला पाहिजे होता."

शेठना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मारलेल्या सिंहांची कातडी पॅटरसनने पंचवीसेक वर्षं जमिनीवर अंथरून वापरली आणि मग १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरला विकली. तिथे पेंढा भरून सिंह उभे केलेत, पण कातडी झिजलेली, कापलेली, त्यामुळे ते मूळच्यापेक्षा लहान दिसतात. शेठ हळहळले. "डांबराच्या गोळ्या टाकायला काय झालं होतं!"

पश्चिम त्सावोत म्झिमाचे झरे आहेत. ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडातून गाळून आलेलं नितळ पाणी, त्यात पाणघोडे आणि मगरी, आणि पाण्याखाली जाऊन काचेतून बघायला एक खोली. काचेतून मासे दिसतात. पाणघोडा त्याच्या मर्जीने. हेच पाणी पाइपातून मोंबासाला जातं. हे ऐकल्यावर आमची सगळी गाडी गहिवरली. तानसाचं धरण १८९२ चं, पिसे-पांजरापूर आमच्याच तालुक्यात, आणि मुंबईचं पाणी आमच्या दारावरून जातं, ते बघत बघत आम्ही टँकरची वाट पाहतो. काकूंनी तिथल्या वनरक्षकाला माझ्यामार्फत विचारलं, "इथल्या गावांना देतात का रे पाणी?" त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून काकू त्याला लाडू देऊन आल्या.

राहिला बिबट्या. बिबट्या दिसणं कठीण, हे ड्रायव्हर रोज सांगायचा. झाडांच्या फांद्या बघा, शेपटी लोंबते का बघा. आम्ही बघितल्या. लेन्सवाल्यांना दिसला म्हणे, पण त्यांच्या फोटोतही मला फांदीच दिसली. या जनावराबद्दल आम्हाला तसं अप्रूप नव्हतंच. तुंगारेश्वरचं अभयारण्य आमच्या तालुक्याला लागून. पडघा-वाड्याकडे कुणाची कोंबडी गेली तरी पहिलं नाव बिबट्याचं येतं. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तर ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये पहाटे बिबट्या शिरून सीसीटीव्हीत दिसला होता. "आपल्याकडचा खरेदीला येतो," नाना ड्रायव्हरला म्हणाले. मी भाषांतर केलं. त्याने विश्वास ठेवला नाही.

पण घरी परतायचं आणि चारच दाखवायचे, व्याह्यांसमोर, हे नानांना सोसेना. नैरोबीच्या विमानतळावर बसल्या बसल्या त्यांना कुठल्यातरी भाच्याकडून एक व्हिडिओ आला. अंधारात कुंपणावरून सावकाश चालत जाणारा बिबट्या, अगदी झकास. नानांनी तो लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'त्सावो, आफ्रिका. आज रात्री.' अंगठे, बदाम, हात जोडलेले, धडाधड आले. व्याह्यांचंही "वा!" आलं. मग त्यांच्या धाकट्या मुलाने विचारलं, की मागे उभ्या टेम्पोवर एमएच ०४ कसं काय दिसतंय.

नानांनी चष्मा पुसून व्हिडिओ पुन्हा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. आणि टाइप केलं, 'आपल्या गाड्या आता सगळीकडे चालतात.'